चार चाकांची वाटणी

सकाळच्या चहाला ओसरीवर आपल्या गाडीच्या चाकांची वाटणी चालली आहे, हे सत्यशीलाबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातली सांडशी ओट्यावर आपटली.

"फुडचं उजवं माझं," बाहेर भगवानराव म्हणत होते. "आबांच्या पायाखालचं चाक हाय त्ये. वयानं मोठा मी हाय का न्हाई?"

"मंग फुडचं डावं मी सोडत नसतो," सुग्रीव म्हणाला.

"आन् मला काय स्टेपनी देता का?" हा शहादेव.

"तू मागची दोन घे की बे. एकाच्या जागी दोन मिळाली तुला."

"मागच्याला कोण इचारतंय? दोन मिळून फुडच्या एकाएवढी तरी हायेत का, त्ये आबांनी सांगावं."

आणि आबा, म्हणजे सत्यशीलाबाईंचे यजमान मोहनराव, शांतपणे बशीतला चहा संपवत म्हणाले, "हायेत, हायेत. समद्यांचं समाधान हुईल आसंच करू."

हे वाक्य ऐकलं की सत्यशीलाबाईंचं डोकं उठायचं. गेवराईजवळच्या त्या गावात मोहनरावांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते सगळं वजन या एका वाक्यावर उभं होतं. या माणसानं जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. सोसायटीत दोन पदांना तीन माणसं झाली की मोहनराव तिसरं पद निर्माण करत. तिसऱ्याला चौथा माणूस आडवा आला की त्याला सल्लागार करत. त्यांची जीप कधी रिकामी धावली नाही. लग्न असो, मयत असो, दवाखाना असो, पुढे ड्रायव्हरशेजारी भगवानराव, मधे चार कार्यकर्ते, मागे चार, आणि त्या मागच्या चारांच्या कोपऱ्यात मांडीवर पत्रकांचा गठ्ठा घेऊन सत्यशीलाबाई.

माहेरालाही तसंच. नांदूरघाटला आईला भेटायला निघायचं म्हणजे आठ माणसांची फौज निघायची. फौज ओसरीवर बसून सोसायटीच्या गप्पा मारायची आणि सत्यशीलाबाई माहेरच्या चुलीपुढे बसून फौजेसाठी भाकरी थापायच्या. वहिनी पिठलं ढवळता ढवळता तोंडानं काही बोलत नसे, पण पळी जोरात फिरवायची. आई, छबुबाई, दाराशी बसून बघत राहायच्या. मागच्या खेपेला निघताना त्यांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सत्ये, आलीस कवा आन् चाललीस कवा, मला कळलंच न्हाई बग." सत्यशीलाबाई जीपमध्ये बसून वाटभर रडल्या. शेजारी शहादेव बसला होता, तो म्हणाला, "काकी, धूळ लई हाय न्हाई का?"

त्या रात्री घरात जे काही बोलणं झालं, त्यातून ही गाडी आली. पुण्यातल्या एका दातांच्या डॉक्टरची, लालभडक, जमिनीला घासून चालणारी, दोन दारांची आणि दोनच सीटांची स्पोर्ट्स कार. तिसऱ्या माणसाला बसायचं तर बॉनेटवरच बसावं लागलं असतं. एवढ्या मोठ्या माणसानं एवढी चिमुकली गाडी का घेतली, याची गावात फार चर्चा झाली. सत्यशीलाबाईंना मात्र त्या गाडीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिच्यात नसलेली जागा.

डॉक्टर माणूस सरळ होता. गाडी देतानाच त्यानं सांगितलं होतं, "इंजिन झकास आहे, पण ब्रेक संपलेत. पॅड आणि डिस्क बदलल्याशिवाय लांब जाऊ नका." ते खरंच होतं. ब्रेक दाबला की पाय खोल जायचा आणि चाकातून जातं फिरल्यासारखा आवाज यायचा. म्हणून सत्यशीलाबाईंनी स्वतः पुण्यातल्या एका पार्टवाल्याला फोन लावला.

"मॅडम, गाडी रेसला चालवणार का रस्त्यावर?" त्यानं विचारलं.

"माहेराला."

पार्टवाला म्हणाला, "मग रस्त्याचेच पॅड घ्या. रेसचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत. डिस्कसुद्धा साध्या घ्या. त्या छिद्रांच्या डिस्क दिसायला छान असतात, पण माहेराला जायला काही उपयोग नाही त्यांचा. आणि एक लक्षात ठेवा, पुढच्या दोन्ही चाकांना माल एकच पाहिजे. एक बाजू जास्त धरायला लागली, एक कमी, की गाडी ओढली जाते."

सत्यशीलाबाईंनी सगळं ठरवलं. पॅड कोणते, डिस्क कोणत्या, पाइप कोणते, ऑइल कोणतं. लुगडं निवडताना त्या घालवत नसत एवढा वेळ त्यांनी त्या पॅडांवर घालवला. मोहनरावांनी फक्त दुकानदाराला हो म्हणायचं होतं. हो म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण ते दुकानदाराला म्हणण्याआधी त्यांनी सकाळी ओसरीवर सहज विषय काढला, आणि तिथेच घात झाला.

"पुण्याहून?" सुग्रीवचा चहा बशीतच राहिला. "आबा, माझं गेवराईत हायवेला पार्टाचं दुकान आसताना तुमी पुण्याहून माल आणणार? उंद्या लोकं काय म्हणत्याल मला? टॅक्शीवाले, पिकपवाले समदे माझे पॅड नेत्यात. घासून बसवले की कुठंबी बसत्यात."

"आन् माझा जावई?" भगवानराव म्हणाले. "संभाजीनगरला त्येचं दुकान हाय ते रेसच्याच गाड्यांचं हाय. जावयाला सोडून दुसऱ्याकडं गेलात तर लेकीला काय तोंड दाखवू मी?"

शहादेवचा ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या ब्रेकला नवीन लायनिंग ठोकून द्यायचा कारखाना होता. "आमी गरीब म्हून आमाला इचारायचं न्हाई," एवढंच तो म्हणाला आणि बाहेर कडुनिंबाकडे बघत बसला.

सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. मोहनरावांनी तीन नाराज तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि चाकं वाटायला घेतली.

सत्यशीलाबाई पदर खोचून ओसरीवर आल्या. "आवो, फुडच्या दोन्ही चाकाला एकच माल पायजे. त्यो पुण्याचा मानूस फोडून सांगतोय."

"वैनी, पुण्याचे लोक आसंच सांगत्यात," भगवानराव समजुतीनं म्हणाले. "समदा माल त्येंचाच खपावा म्हून."

"आगं, एका चाकापायी मानूस कावून तोडायचा?" मोहनराव म्हणाले. "ब्रेक काय, कुणाचाबी लागला तरी गाडी थांबणारच की."

"तुमची सोसायटी हाय का ती? गाडी हाय गाडी!"

पण तोवर सुग्रीवनं डाव्या चाकाच्या आनंदात दुसरा चहा मागितला होता, आणि तो करायला घरात सत्यशीलाबाईंशिवाय कोणी नव्हतं.

माल आला. भगवानरावांच्या जावयानं रेसचे पॅड आणि छिद्रांची चमचमती डिस्क पाठवली, एकच, उजवीची. सुग्रीवनं टॅक्सीचे मऊ पॅड कानशीनं घासून मापात आणले. शहादेवनं डॉक्टरचेच जुने मागचे पॅड नेऊन त्यांच्यावर ट्रॉलीचं लायनिंग डकवलं. अजिनाथ मेस्त्रीच्या गॅरेजमध्ये तिघंही आपापल्या चाकापाशी खुर्ची टाकून बसले. आधी कुणाचं चाक बसवायचं यावर एवढी खडाजंगी झाली की अजिनाथनं चारही चाकं एकदम खोलली आणि थोडं थोडं सगळ्यांचं करत राहिला.

"अजिनाथ, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरंच. चालंल का ह्ये?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

अजिनाथनं खुर्च्यांवरच्या तिघांकडे पाहिलं. तिघांच्याही गाड्या त्याच्याकडेच येत. "चालायला काय काकी, चालंल की," तो म्हणाला. "थांबायचं तेवढं बगा."

त्यानं गॅरेजच्या आवारात गाडी पाऊलभर पुढे घेतली, ब्रेक दाबला. गाडी थांबली. टाळ्या पडल्या. मोहनरावांनी बायकोकडे असं पाहिलं की सत्यशीलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. सत्यशीलाबाई ठेवणीतली जांभळी साडी नेसल्या होत्या. मांडीवर पत्रकांऐवजी आईसाठी केलेल्या लाडवांचा डबा होता. शेजारी नवरा होता आणि दुसरं कोणी नव्हतं. राग होताच, पण तो आता जरा मऊ पडला होता. निरोपाला तिघंही आले होते. माणसांकडे कुणी बघत नव्हतं, जो तो आपापल्या चाकाकडे बघून हात हलवत होता.

गावाच्या टोकाला, रस्त्याच्या डाव्या हाताला, विजयसिंहांचा मळा होता. विजयसिंह म्हणजे मोहनरावांचे जुने वैरी. त्या फाटकात मोहनरावांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि फाटकावरच्या बॅनरकडे ते बघतही नसत. लोकांनी मात्र बघावं म्हणून विजयसिंहांनी ग्रामपंचायतीच्या सदस्यांना धरून बरोबर फाटकासमोर रस्त्यावर एक गतिरोधक घालून घेतला होता. तिथे बैलगाडीसुद्धा हळू होई. त्या दिवशी तर फाटकात मांडव होता, हलगी वाजत होती. विजयसिंहांच्या पॅनेलच्या प्रचाराचा नारळ फुटायचा होता.

"मान वळवू नगं तिकडं," मोहनराव म्हणाले आणि त्यांनी वेग वाढवला. लाल गाडीतून शत्रूच्या मांडवापुढून झोकात निघून जायचा मोह त्यांना आवरला नाही.

"आवो, म्होरं गतिरोधक हाय!"

मोहनरावांनी ब्रेकवर पाय दिला. सुग्रीवच्या मऊ पॅडांनी डावं चाक घट्ट आवळलं. भगवानरावांच्या जावयाचे रेसचे पॅड अजून थंडगार होते, त्यांनी काहीच केलं नाही. गाडीनं डावीकडे तोंड फिरवलं, दोन बॅनरांच्या मधून फाटकात शिरली आणि सतरंज्या गोळा करत थेट स्टेजपुढे गेली. थांबताना शहादेवच्या मागच्या लायनिंगांनी अशी किंकाळी फोडली की हलगीवाला हलगी टाकून मागे सरला.

मांडवात मागून कोणीतरी ओरडलं, "आबा आले! आबा आपल्याकडं आले!"

पुढचं सगळं सत्यशीलाबाईंच्या डोळ्यांदेखत झालं आणि त्यांना काही करता आलं नाही. विजयसिंह क्षणभर भांबावले, पण जुने खेळाडू. त्यांनी स्वतःसाठी आणलेला हार उचलला आणि धावत आले.

"आवो, उतरू नका!" सत्यशीलाबाई दात आवळून म्हणाल्या. "मागं घ्या गाडी!"

पण बाहेर हात पुढे झाले होते, आणि पुढे आलेला हात मोहनरावांनी कधी रिकामा जाऊ दिला नव्हता. ते उतरले. हार पडला. कुणीतरी त्यांच्या हातात नारळ दिला. मोहनरावांनी नारळाकडे पाहिलं, मग गाडीतल्या बायकोकडे पाहिलं. सत्यशीलाबाई जोरजोरात मान हलवत होत्या. न्हाई म्हणा, एकदा तरी न्हाई म्हणा! मोहनरावांच्या चेहऱ्यावर फार ओढाताण दिसली. शेवटी समोरच्या एवढ्या माणसांचं मन मोडवेना, आणि त्यांनी एका दणक्यात नारळ फोडला.

हलगी पुन्हा सुरू झाली. दहा-वीस मोबाइल वर गेले.

संतापून सत्यशीलाबाई गाडीतच बसून राहिल्या, तर विजयसिंहांच्या पत्नी वनमालाबाई खण-नारळ आणि तांदूळ घेऊन दाराशी आल्या. पहिल्यांदाच दारात आलेल्या सवाष्णीची ओटी भरायची होती. ओटी नाकारायची कशी? सत्यशीलाबाईंनी लाडवांचा डबा बाजूला केला आणि पदर पुढे केला. त्यांना स्वतःचाही भयंकर राग आला.

माहेर राहिलं. अशा गाडीत नांदूरघाटापर्यंत जायची कुणाची छाती होती? दोघं पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत घरी परतली. त्यांच्या आधी फोटो पोहोचला होता. ओसरीवर तिघंही उभे होते आणि कुणी चहासुद्धा मागितला नाही.

"आमाला न इचारता गेलात?" भगवानराव म्हणाले.

"आरं गेलो कुठं? गाडी ओढली गेली!" मोहनराव म्हणाले. "ब्रेकनं नेलं मला तितं."

"कोणत्या बाजूला ओढली?"

"डावीकडं."

सगळे सुग्रीवकडे वळले. "म्हंजे तुझं चाक, बे!" भगवानराव गरजले. "तूच नेलंस आबांना त्या विजयसिंहाच्या दारात!"

"माझं चाक लागलं म्हून माझा गुन्हा? तुमचं लागलंच न्हाई त्ये सांगा की! माझ्यावानी तुमीबी आवळलं आसतं तर गाडी सरळ ऱ्हायली आसती!"

"रेसचा माल हाय तो! तापावा लागतो!"

"मंग काय बीडपस्तोर जाऊन तापून यायचं व्हतं, आन् मंग गावात थांबायचं व्हतं?"

"आबा, तुमीच सांगा," दोघंही एकदम म्हणाले. "चूक कोणाची?"

मोहनरावांच्या गळ्यात अजून विजयसिंहांचा हार होता. ब्रेक कोणाचा चुकला हे सांगितलं तर एक माणूस तुटत होता. नाही सांगितलं तर आबा आपण होऊन विरोधकाकडे गेले, हे गावभर खरं ठरत होतं. त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "दोघांचंबी बरुबर हाय."

"बस्स!" सत्यशीलाबाई म्हणाल्या. त्यांच्या ओटीतले तांदूळ ओसरीभर सांडले. "चूक तुमची हाय! ह्या दोघांची न्हाई, तुमची! दोन चाकाला दोन ब्रेक कोणी वाटले? माझी आय नांदूरघाटात दाराकडं डोळे लावून बसलीय, आन् तुमी माझी गाडी पेढ्यावानी वाटून खाल्लीत. भगवानराव, तुमचं उजवं चाक न्या. सुग्रीव, तुझं डावं ने. आन् शहादेव, तुझं त्ये लायनिंग आदी काढ, माझे कान आजून वाजत्यात. पुण्याचा माल यील, समदा एकच यील, आन् ज्येला नाराज व्हायचंय त्येनं आत्ताच व्हावं!"

तिघंही नाराज झाले. मोहनरावांनी त्यांना थांबवायला हात पुढे केला, पण बायकोनं असं पाहिलं की तो हात हार काढायला गळ्याकडे गेला. संध्याकाळपर्यंत बातमी आली की तिघंही विजयसिंहांच्या मळ्यात जाऊन बसले. "आबांनी सवता नारळ फोडलाय तितं. आमी काय येगळं करतोय?" असं ते सांगत होते, आणि त्यांना खोटं ठरवायला मोहनरावांकडे काही नव्हतं.

ओसरी ओस पडली. मोहनराव एकटेच बसून चरफडत राहिले. "मला न इचारता गेले," ते कडुनिंबाला सांगत. सत्यशीलाबाई त्यांना चहा देत आणि शेजारी बसून आपलाही पीत. अशी बसायची जागा त्या ओसरीवर त्यांना आजवर मिळाली नव्हती.

पुण्याहून खोकं आलं. चारही चाकांचा माल एकाच जातीचा. गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायला कोणी नव्हतं, त्यामुळे अजिनाथनं काम निवांत आणि नीट केलं, आणि मग हायवेवर नेऊन गाडी पळवून, थांबवून पाहिली. तो परत आला तेव्हा हसत होता.

दोघं पुन्हा निघाली. विजयसिंहांच्या फाटकासमोर मोहनरावांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी ओळंबा धरल्यासारखी सरळ हळू झाली. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला उन्हात उभ्या असलेल्या माणसानं हात केला. सुग्रीव होता. मोहनरावांचा पाय आणखी दाबला गेला आणि गाडी बरोबर त्याच्या पुढ्यात थांबली.

"आबा!" सुग्रीवचं तोंड उतरलेलं होतं. "बीडपस्तोर सोडा की. ह्ये मळ्यातले लोक समदे जीपमंदी बसून गेले, मला म्हणले जागा न्हाई. मी बसतो कसाबी, वैनी जरा आवरून बसल्या तर." आणि त्यानं दाराला हात घातला.

सत्यशीलाबाई तयारीत होत्या. आज त्या गाडीतून उतरणार होत्या, लाडवांचा डबा घेऊन एष्टीनं माहेराला जाणार होत्या, आणि जाण्याआधी नवऱ्याला काय सुनवायचं तो शब्द न् शब्द जुळवून ठेवलेला होता. त्यांनी तोंड उघडलं.

"न्हाई, सुग्रीव," मोहनराव म्हणाले. "आज न्हाई. हिला हिच्या आईकडं घेऊन चाललोय. एष्टी यील आत्ता."

आणि त्यांनी गाडी काढली. सुग्रीवचा हात हवेतच राहिला. सत्यशीलाबाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं, जुळवलेले शब्द तसेच घशात राहिले. मोहनरावांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. एवढं मोठं काम त्यांनी सोसायटीतही कधी केलं नव्हतं.

"एवढं तुटक बोलायचं आसतंय व्हय मानसाला?" सत्यशीलाबाई एकदम म्हणाल्या. "बिचारा उन्हात हुभा व्हता. चेहरा कसा झाला त्येचा बगितला का?"

मोहनराव दचकले. त्यांचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबायला कोणी सांगितलं?" सत्यशीलाबाई कडाडल्या. "चला म्होरं!"